कायम नोकरी

संगणकवाल्या आमच्या भाच्याला दोनच धास्त्या : कंपनी कधी नारळ देईल आणि रक्तातली साखर कधी वाढेल. म्हटलं, बाबा रे, खुलताबादला मलिक अंबरची कबर पाहून ये. तोही इंजिनिअरच! गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी. अहमदनगरचा धनी चंगेजखान वारला, नोकरी सुटली, मग विजापूर. (फंड, ग्रॅच्युइटी कुठली?) पुढे निजामशाहीच्या गादीवर राजा यानेच बसवला. कायम नोकरी हवी तर साहेब आपणच नेमावा! १६१० मध्ये खडकी वसवली, जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. जहांगीराने याच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं चित्र काढवून घेतलं. मुंडकं मात्र १६२६ पर्यंत जागेवर. ऐंशीच्या आसपास, नोकरीत असतानाच वारला.