विराटपर्वाचा खर्डा

आपल्या हदगावकडं घर बांधायचं ठरलं म्हणजे आधी जमिनीवर फक्कीच्या रेघा ओढतात आणि चार जाणत्या माणसांना दाखवतात. 'दार इकडं नको, पावसाचं पाणी आत शिरेल,' असं कुणी म्हणालं, तर रेघ पुसायला वेळ लागत नाही. तेच भिंत उभी राहिल्यावर कळलं, तर मात्र पंचाईत. विद्येच्या क्षेत्रातही असाच प्रसंग येतो. पुण्याच्या विद्वानांनी त्यातून कशी वाट काढली, ते आज सांगायचं आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. काम सोपं नव्हतं. काश्मीरपासून केरळापर्यंत महाभारताच्या पोथ्या पसरलेल्या, लिप्या निरनिराळ्या, कुणी श्लोक गाळलेले, कुणी नवे घातलेले. यातलं मूळचं कोणतं आणि मागाहून आलेलं कोणतं, हे ठरवायचं कशावरून? इथं पद्धतच चुकली, तर ती चूक अठराही पर्वांत जाणार!

म्हणून १९२३ साली नारायण बापूजी उत्गीकर यांनी एकटं विराटपर्व सोळा पोथ्यांवरून तयार करून छापलं. हा खर्डाच होता, आणि तो खर्डा म्हणूनच पुढं ठेवला. प्रती जाणकारांना विनामूल्य पाठवल्या आणि विचारलं, की आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल आपलं मत काय?

पुढं १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले. त्यांनी पाया रुंदावला. एकट्या आदिपर्वासाठी साठ पोथ्या ताडून पाहिल्या. आणि दाखवण्याची रीत सोडली नाही. पर्व पुरं होण्याची वाट न पाहता १९२७ पासून ते भागाभागानं प्रसिद्ध केलं. जर्मन पंडित डॉ. रूबेन यांनी आक्षेप घेतले. सुखटणकरांनी त्यांना संस्थेच्या नियतकालिकातून सविस्तर उत्तर दिलं. विचारलं सगळ्यांना, पण निर्णय संपादकानं पुराव्यावर घेतला.

श्रोतेहो, या आवृत्तीतली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो शब्द नक्की वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. वगळलेला मजकूरही फेकून दिलेला नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं, ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथा मूळ संहितेत बसली नाही. पण ती परिशिष्टात दिली आहे. ज्याला पटत नसेल, त्यानं पुरावा तपासावा!

१९३६ साली डॉ. रघुवीर यांनी संपादिलेलं विराटपर्व निघालं आणि उत्गीकरांचं पुस्तक मागं पडलं. ते त्यासाठीच होतं. संपूर्ण आवृत्तीचं काम १९६६ साली पुरं झालं.

हीच चाल अगदी निराळ्या क्षेत्रातही दिसते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टॉरवाल्ड्स, यानं आपली संगणकप्रणाली अर्धीमुर्धी असतानाच इतर जाणकारांना कळवलं. 'मिनिक्स' या तेव्हाच्या प्रणालीत तुम्हांला काय आवडतं, काय खटकतं, असं त्यानं विचारलं. त्यातून 'लिनक्स' उभी राहिली. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तीच आहे.

आपल्या शिक्षकबंधूंनी गावचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिली चार पानं होताच गावातल्या जुन्या माणसांना वाचून दाखवावीत. 'कसं झालंय?' असं विचारलं, तर लोक 'छान' म्हणून मोकळे होतात. 'हे साल कशावरून धरलं ते पटतं का? कुणाचं घराणं सुटलं का?' असं नेमकं विचारावं. जे ठरत नाही, त्याखाली रेघ मारून ठेवावी; पुढं कुणाच्या माळ्यावरचा एखादा जुना कागद ती पुसायला उपयोगी पडेल.