टाकी नसलेला गिझर घेताय? लिटर नंतर विचारा, आधी न्हाणी बघा

जवळा बाजार : बंबासाठी तुराट्या-पऱ्हाट्या गोळा करायला आता घरात कुणाला वेळ नाही, म्हणून गावोगाव न्हाणीत गिझर येतोय. दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो 'किती लिटरचा?' खरं तर आधी ठरवायचं ते गिझर कुठं लागणार हे.

टाकी नसलेल्या गिझरात पाणी साठून राहत नाही, नळ सोडला की नळीतून जाता जाता तापतं. गॅसचा गिझर असाच असतो. विजेचा 'इन्स्टंट' म्हणून मिळतो त्यात बहुतेक एक ते तीन लिटरची बारकी टाकी असते, पण वापर तोच.

विजेचा घ्यायचा असेल तर...

बहुतेक इन्स्टंट गिझर 3 किलोवॅटचे असतात. मिनिटाला दोन लिटरची बारीक धार ठेवली तर 20 अंशांचं पाणी साधारण 41 अंशांवर येतं. 15 लिटरची बादली साडेसात मिनिटांत भरते, वीज अर्ध्या युनिटपेक्षा कमी जाते. हा हिशोब 230 व्होल्टचा. व्होल्टेज 180 वर आलं की उष्णता जवळपास 40 टक्के घटते आणि त्याच बादलीला बारा मिनिटं लागतात. तुमच्याकडं सकाळी बल्ब मिणमिणत असेल तर गिझरला नावं ठेवून उपयोग नाही.

हा गिझर 13 अँपिअर करंट ओढतो. त्याला मीटरपासून वेगळी लाइन घ्या : निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. अर्थिंग म्हणजे नळाच्या पाइपाला बांधलेली तार नव्हे. ओल्या जागेत ती घात करते. नळालाच लावायचे स्वस्त प्लॅस्टिकचे गिझर मिळतात, ते आमच्या मते घेऊच नयेत.

गॅसचा असेल तर तो बाहेर टांगा

गॅस गिझर लाइट गेली तरी चालतो, कारण ठिणगी सेलवर पडते. हिशोबानं 15 लिटरची बादली तेवढीच तापवायला 35-40 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे 14.2 किलोच्या टाकीत साडेतीनशेच्या वर बादल्या. सोयीचा आहे, यात वाद नाही.

धोका हवेचा आहे. ज्योत खोलीतला ऑक्सिजन खाते. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडी काढायच्या आत माणूस खाली पडतो. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला 15 वर्षांची मुलगी गॅस गिझर असलेल्या बंद बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली, पुढं ती दगावली. आपल्या न्हाण्या त्याहून लहान, आणि थंडीत झरोक्याला पोतं लावायची सवय.

म्हणून गिझर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, वर छोटा पत्रा टाकून बसवा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. हा पाइप सीपीव्हीसीचा हवा, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. गॅसची टाकी बाहेर, उभी आणि सपाट जमिनीवर ठेवा. खड्ड्यात नको, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाण्याची टाकी न्हाणीच्या छतावरच असेल तर दाब पुरत नाही आणि गिझर पेटत नाही. ती आधी उंच करा.

ज्योत निळी हवी. पिवळी झाली, काजळी धरली तर वापर थांबवून मिस्त्री बोलवा. बोअरच्या जड पाण्यानं नळीत क्षार बसतात, धार मंदावली की साफ करून घ्या.

घेताना आयएसआय खूण बघा. खुणेखालचा परवाना क्रमांक मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते दुकानातच कळतं.

न्हाणीत कुणी ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. गॅसगळतीसाठी 1906, विजेच्या तक्रारीसाठी 1912.