जुना ट्रक चढावर दम सोडतोय? मुख्य पंप उतरवण्याआधी हे तपासा

पुणे–सोलापूर महामार्गावर यवतच्या आसपास भरलेला जुना ट्रक अचानक ओढेनासा झाला, की पहिला संशय डिझेल पंपावर जातो. पण कॉमन रेल येण्याआधीच्या बहुतेक ट्रकमध्ये पंप दोन असतात. छोटा फीड पंप टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे देतो. मोठा मुख्य पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवतो. मोठ्याची दुरुस्ती महाग, म्हणून आधी छोटा तपासा.

तपासणी (इंजिन बंद ठेवून)

१. टाकीतले डिझेल, फिल्टर आणि पाइपचे जोड पाहा.

२. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारा.

- बुडबुडे थांबतच नाहीत: टाकीकडच्या बाजूने हवा शिरते.
- हातपंप जड, डिझेल कमी: जाळी किंवा पाइप तुंबला.
- हाताने धार चांगली, पण स्टार्टर मारल्यावर नाही: फीड पंप गेला.

इंजिन ऑइल आपोआप वाढले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ट्रक चालवू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात.

बदलताना

फीड पंप मुख्य पंपाच्या बाजूला नटांनी बसवलेला असतो. पॅकिंग आणि तांब्याचे वॉशर नवे घाला, मग पूर्ण एअर काढा.

धार ठीक असूनही ट्रक ओढत नसेल, तर मुख्य पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर तपासून घ्या. चालू इंजिनवर नोझलच्या पाइपची गळती बोटाने चाचपू नका. ती धार कातडीत घुसते.