न उडणारीं विमानें

खेळण्यांचा इतिहास हा खरा इतिहास नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. राजांच्या लढाया, तहांचीं कलमें, सनदा आणि शिलालेख यांच्या पंक्तीला मुलांच्या खेळण्यांनीं बसावें, हें गंभीर वाचकाला रुचत नाहीं. परंतु एखाद्या काळाला कशाचें वेड होतें, कशाची भीति होती आणि त्याच्या हाताला कोणता नवा पदार्थ सांपडला होता, हें पाहावयाचें असेल तर त्या काळचें खेळणें हा मोठा प्रामाणिक साक्षीदार ठरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाला वेड होतें विमानाचें. भीतिहि विमानाचीच होती. आणि त्याच्या हातीं आलेला नवा पदार्थ होता प्लॅस्टिक. ह्या तिहींच्या संगमांतून जें खेळणें जन्मास आलें, तें म्हणजे सुट्या भागांच्या पेटींतून घरीं जोडावयाचें प्लॅस्टिकचें विमान. त्या पहिल्या पेट्यांना आतां ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. आणि हा साक्षीदार हळूहळू मोडकळीस येऊं लागला आहे.

विमानाची प्रतिकृति करण्याची हौस प्लॅस्टिकहून जुनी आहे. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंडमध्यें जेम्स हे स्टीव्हन्स यांनीं ‘स्कायबर्डस्’ ह्या नांवानें लांकडी विमानांचे संच काढले. त्यांत त्यांनीं एक प्रमाण धरलें : खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. सहा फूट म्हणजे साधारण पुरुषभर उंची. तेव्हां विमानाशेजारीं उभा केलेला वैमानिक एक इंचाचा झाला. हेंच तें बहात्तरांश प्रमाण. स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार छत्तीस फूट दहा इंच. ह्या हिशेबानें तो सहा इंचांहून किंचित् अधिक भरतो, म्हणजे तळहातावर मावतो. पुढें आलेल्या बहुतेक कारखानदारांनीं हेंच प्रमाण उचललें, आणि आजहि तेंच सर्वांत रुळलेलें आहे.

त्याच सुमारास चार्ल्स विल्मट आणि जो मॅन्सूर या दोघांनीं एक कारखाना काढला. त्यांचें पहिलें विमान रबराच्या पिळावर खरोखरच उडत असे. ‘जमिनीवरून थेट उडतें’ अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन त्यांनीं मालाला ‘फ्रॉग’, म्हणजे बेडूक, असें नांव दिलें. १९३६ सालीं ह्याच मंडळींनीं एक नवी मालिका बाजारांत आणली. हीं विमानें उडणारीं नव्हतीं. तीं जोडून, रंगवून फळीवर मांडावयाचीं होतीं. म्हणून पंख असून न उडणाऱ्या पक्ष्याचें नांव त्यांना मिळालें : ‘पेंग्विन’. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर आणि हॉकर फ्यूरी ह्या तत्कालीन लढाऊ विमानांचे नमुने ह्या मालिकेच्या आरंभींच आले. हे भाग सेल्युलोज अ‍ॅसिटेट ह्या पदार्थाचे असत. तापवून पातळ केलेला हा पदार्थ पोलादी सांच्यांत दाबून भरावयाचा, निवला कीं सांचा उघडावयाचा, आणि आंतून पंख, शेपूट, धडाचे दोन अर्धे असे भाग बाहेर काढावयाचे, ही त्याची कृति. घरीं जोडावयाच्या प्लॅस्टिकच्या विमानाचा आरंभ येथूनच धरतात.

तीन वर्षांच्या आंत ह्या खेळण्याकडे सरकारचें लक्ष वेधावें अशी वेळ आली. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं इंग्लंडनें युद्ध पुकारलें, आणि तिसऱ्याच दिवशीं, ६ सप्टेंबरला, एक भयंकर घोटाळा झाला. शत्रूचीं विमानें येत आहेत असा चुकीचा इशारा मिळाल्यावरून ब्रिटिश विमानें आकाशांत चढलीं, आणि स्पिटफायर तुकडीनें स्वपक्षाच्याच हरिकेन विमानांना शत्रु समजून त्यांवर गोळीबार केला. दोन हरिकेन पडलीं. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक ठार झाला. शत्रूचें एकहि विमान त्या दिवशीं तेथें नव्हतें. हा प्रसंग ‘बार्किंग क्रीकची लढाई’ अशा कडवट नांवानें इतिहासांत नोंदला गेला आहे. आकाशांतील काळी आकृति आपली कीं परकी, हें क्षणार्धांत ओळखतां न येणें म्हणजे प्राणांशी गांठ, हें त्यावरून सर्वांच्या ध्यानीं आलें.

ह्या कामीं चित्रापेक्षां प्रतिकृति अधिक उपयोगी पडते, कारण ती सर्व बाजूंनीं फिरवून पाहतां येते. बहात्तरांश प्रमाणाचें विमान दहा मीटरांवर टांगलें, तर तें सातशें वीस मीटरांवरील खऱ्या विमानाएवढें दिसतें. अशा नमुन्यांवर तोफखान्याचे शिपाई आणि वैमानिक यांचें शिक्षण होऊं लागलें. फ्रॉगच्या कारखान्यानें खेळण्यांचें काम बाजूस ठेवून हे नमुने पुरविले. अमेरिकेच्या नौदलानें तर १९४२ सालीं शाळांतील विद्यार्थ्यांकडूनच पांच लाख लांकडी नमुने करून घेण्याची योजना आंखली. कालपर्यंत जें पोरखेळ होतें, तें अशा रीतीनें शस्त्रागारांत जाऊन बसलें.

युद्धोत्तर काळांतील कथा एका हंगेरियन निर्वासिताची आहे. निकोलस कोव्ह यांनीं १९३९ सालीं लंडनमध्यें हवा भरलेलीं रबरी खेळणीं करण्याचा धंदा काढला आणि त्याला ‘एअरफिक्स’ हें नांव दिलें. व्यापाऱ्यांच्या यादींत आपलें नांव आरंभीं यावें एवढाच ह्या नांवामागचा हेतु होता, असें सांगतात. युद्धानंतर त्यांनीं प्लॅस्टिक ओतण्याचें यंत्र आणलें, तें केंसांच्या फण्या करण्यासाठीं! १९४९ सालीं फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांसाठीं एका ट्रॅक्टरची लहानशी प्रतिकृति त्यांनीं करून दिली. ती जोडण्याच्या मजुरीचा खर्च वांचावा म्हणून पुढें तिचे सुटे भागच विकण्यांत आले. १९५२ सालीं ‘गोल्डन हाइंड’ हें जहाज दोन शिलिंगांत मिळूं लागलें. तें इतकें खपलें कीं पुढील दोनतीन वर्षांत स्पिटफायरची पाळी आली. विमान खपेल यावर कोव्ह यांचा प्रथम विश्वासच नव्हता, अशी आख्यायिका आहे. ज्या मालावर त्यांच्या कारखान्याची कीर्ति पुढें उभी राहिली, त्याच मालाविषयीं मूळ धन्यानें शंका घ्यावी, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे.

दरम्यान पदार्थहि बदलला होता. अ‍ॅसिटेटच्या जागीं पॉलिस्टायरीन आलें. तें सांच्यांत नेमकें उतरतें, आकार धरून ठेवतें, आणि त्याचा सांधा मोठ्या युक्तीनें जुळतो. लांकूड सरसानें चिकटतें तेव्हां सरस मध्यें राहतो. पॉलिस्टायरीनचें तसें नाहीं. त्याच्या गोंदांतील द्रव दोन्ही पृष्ठभाग विरघळवितो, ते एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि दोहोंचा एकच तुकडा होतो. हा गोंद बेताचा लावणें यांतच सगळें कौशल्य. अधिक झाला कीं पंख मऊ पडून खचतो, आणि बालपणीं जोडलेल्या बहुतेक विमानांवर त्या उतावळ्या बोटांचे ठसे कायमचे उमटलेले आढळतात.

अशीं जुनीं विमानें माळ्यावरून खालीं येतात तेव्हां त्यांची डागडुजी कशी करावी, हा प्रश्न उपस्थित होतो. अ‍ॅसिटेटच्या पेंग्विनांची स्थिति सर्वांत बिकट. त्या पदार्थाला लवचिक ठेवणारें द्रव्य वर्षानुवर्षें उडून जातें; मग पंख आखडतात, पिळवटतात, आणि पेटी उघडतांच कधीं शिरक्याचा आंबट वास येतो. ती आम्लाची वाफ शेजारच्या भागांसहि बाधते. म्हणून रोग्याप्रमाणें अशा विमानाला वेगळें, हवेशीर आणि थंड जागीं ठेवावें लागतें. कोमट पाण्यांत धरून वांकडा पंख थोडासा सरळ करतां येतो, पण गेलेलें द्रव्य परत येत नाहीं. पॉलिस्टायरीनचा गोंदहि येथें चालत नाहीं. त्याला अ‍ॅसिटोनच लागतें.

पॉलिस्टायरीनचे रोग त्या मानानें साध्य आहेत. जुना जाड रंग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानें निघतो आणि खालच्या प्लॅस्टिकला धक्का लागत नाहीं. मात्र हातमोजे घालूनच हें काम करावें. सांधा उकलावयाचा असेल तर विमान बर्फाच्या कपाटांत ठेवतात. थंडीनें जुना गोंद ठिसूळ होतो आणि पातळ पातें घातलें कीं तडकतो. तुटलेली तार हवी असेल तर भाग ज्या काडीला लागून आलेले असतात तीच काडी दिव्यावर मऊ करून ताणावी. केंसाएवढा बारीक धागा निघतो. वैमानिकावरचें पारदर्शक आच्छादन हरवलें असेल, तर लांकडाचा ठोकळा त्या आकाराचा कोरून त्यावर तापविलेला प्लॅस्टिकचा पत्रा दाबतात. पिंवळीं पडलेलीं चिन्हें खिडकीच्या कांचेला आंतून लावून उन्हांत ठेवलीं तर उजळतात. आणि पाण्यांत घालण्यापूर्वीं त्यांवर रोगणाचा एक हात दिला, तर तुकडे तुकडे होत नाहींत.

इतकें जमलें तरी खरा वाद उरतोच. जुन्या विमानांच्या अंगावर रिबिटींचे उंच ठिपके असतात. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर छत्तीस मिलिमीटरांचा होईल. अशी रिबीट कोणत्याहि विमानाला नव्हती. मग कांचकागदानें ते घासून टाकावे कीं ठेवावे? आपल्याकडे जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करतांना हाच प्रश्न पडतो. भक्ताला देऊळ लखलखीत हवें असतें. इतिहासाचा अभ्यासक म्हणतो, मूळ दगडावर तैलरंग फासूं नका. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. ठिपके घासले तर खऱ्या विमानाला न्याय मिळतो. ठेवले तर ज्या कारागिरानें पोलादांत एकेक ठिपका कोरला त्याला न्याय मिळतो. न उघडलेल्या पेटीचा प्रश्न तर याहून अवघड. तिला संग्राहकाकडे अधिक मोल येतें. परंतु जोडण्यासाठींच जें निर्माण झालें, तें कधींच जोडलें जाऊं नये, हेंहि विचित्रच.

निदान एक नियम सर्वमान्य व्हावा असा आहे : दुर्मिळ वस्तूवर केलेली प्रत्येक दुरुस्ती पुन्हा काढून टाकतां येईल अशीच असावी, आणि काय मूळचें व काय नवें याची नोंद पेटींत ठेवावी. ज्या नमुन्याच्या हजारों प्रती आहेत तो मात्र मुलांनीं खुशाल जोडावा, मोडावा आणि पुन्हा जोडावा.

कारण हे सांचेहि मोठे प्रवासी निघाले. फ्रॉगचा कारखाना १९७६ सालीं बंद पडला; त्याचे बहुतेक सांचे सोव्हिएत रशियाला गेले. जर्मन व जपानी विमानांचे सांचे रशियाला नको होते, म्हणून ते रेव्हेल कंपनीनें घेतले! एअरफिक्स १९८१ सालीं कोसळली, अनेक हातीं फिरली आणि २००६ सालीं हॉर्नबीकडे आली. त्यानंतर कांहीं वर्षें तिचे संच हिंदुस्थानांत तयार होत असत. कारखाने गेले, राज्यें गेलीं, सांचे मात्र चालत राहिले.

ह्या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय, असें कोणी विचारील. शॉर्ट स्टर्लिंग हें चार यंत्रांचें ब्रिटिश बाँबफेकी विमान युद्धकाळांत दोन हजारांहून अधिक संख्येनें बांधलें गेलें. आज जगांत एकहि संपूर्ण स्टर्लिंग उरलेलें नाहीं. जीं लढाईंत पडलीं नाहींत, तीं मोडींत गेलीं. १९६६ सालीं एअरफिक्सनें त्याचा बहात्तरांश नमुना काढला. त्या विमानाचें लांबलचक धड, उंच पाय आणि आंखूड पंख हातांत धरून पाहावयाचे असतील, तर आतां अशा प्रतिकृतीवांचून दुसरी सोय नाहीं. खरें उडणारें विमान नष्ट झालें आणि न उडणारें राहिलें. तें तरी राहावें, एवढ्यासाठीं कोणी दिव्याखालीं बसून तुटका पंख जोडीत असेल, तर त्याच्या हातून इतिहासाचेंच एक लहानसें काम होत असतें.