नोकरीच्या अर्जावरील छायाचित्र

नोकरीच्या अर्जावर किंवा त्यासोबतच्या वैयक्तिक माहितीपत्रकावर अर्जदाराच्या चेहऱ्याचे जे लहान छायाचित्र लावले जाते, त्यास व्यवहारात अर्जाचा फोटो, पासपोर्ट साईज फोटो किंवा आयकार्ड साईज फोटो असे म्हणतात. महाराष्ट्रात शासकीय भरतीच्या अर्जात ते अनिवार्य असते. खाजगी नोकरीच्या बायोडाटावर ते असावे असा कोणताही कायदा नाही, तरीही ते सर्रास लावले जाते. या दोन ठिकाणी छायाचित्राचे काम मात्र एकच नाही. शासकीय भरतीत अर्ज करणारी आणि परीक्षेस बसणारी व्यक्ती एकच आहे, याची खात्री पटवण्यासाठी ते लागते. खाजगी नोकरीत उमेदवाराची भेट होण्यापूर्वीच त्याच्याविषयी मत बनवण्यास ते कारण ठरते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘फोटो लावावा की लावू नये’ या प्रश्नाची चर्चा बहुधा गोंधळाची होते.

संज्ञा

‘बायोडाटा’ हा शब्द मराठीत नोकरीच्या आणि लग्नाच्या अशा दोन्ही माहितीपत्रकांसाठी रूढ आहे. शहरी नोकरदार वर्गात नोकरीपुरते रेझ्युमे, सीव्ही हे शब्द वापरले जातात. तालुक्याच्या गावी मात्र झेरॉक्स व डीटीपीच्या दुकानात दोन्ही प्रकारचे बायोडाटे एकाच संगणकावर तयार होतात. त्यामुळे लग्नाच्या बायोडाटातील रकाने नोकरीच्या बायोडाटात सहज शिरतात. वडिलांचे नाव व व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, क्वचित उंची व वर्णसुद्धा त्यात आढळतो. छायाचित्र हे या सर्वांत ठळक. विवाहाच्या बाबतीत ते पाहिले जाणे स्वाभाविक मानले जाते. यंत्रचालक किंवा लेखनिक यांच्या निवडीत त्याचे प्रयोजन काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

पूर्वीची पद्धत

हस्ताक्षरात लिहिलेला, ‘सेवेशी’ने सुरू होणारा व ‘आपला विश्वासू’ने संपणारा अर्ज ही मराठी मुलखातील दीर्घकाळची रीत होती. अशा अर्जासोबत गुणपत्रिकेची प्रत व चारित्र्याचा दाखला जोडला जाई. उमेदवार कसा दिसतो हे मुलाखतीच्या वेळीच कळत असे. छापील अर्जांचे प्रमाण वाढले तसा कागदाच्या उजव्या कोपऱ्यात छायाचित्रासाठी चौकोन आला. त्या चौकोनात फोटो चिकटवून अर्धी सही फोटोवर व अर्धी कागदावर करावी, अशी सूचना असे. चिकटवलेला फोटो काढून दुसरा लावता येऊ नये, हा तिचा हेतू. काही अर्जांवर फोटो राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा लागे. खेड्यातील उमेदवारास त्यासाठी तालुक्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन स्वीकारल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला.

शासकीय भरती

महाराष्ट्र लोकसेवा आयोग, केंद्रीय लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, तसेच मुंबईत कांदिवली येथे मुख्यालय असलेली बँक भरतीची संस्था आयबीपीएस यांच्या ऑनलाइन अर्जात छायाचित्र व स्वाक्षरी अपलोड करणे आवश्यक असते. आयबीपीएसच्या सूचनांनुसार छायाचित्र ४.५ सेंमी × ३.५ सेंमी आकाराचे, फिक्या पार्श्वभूमीवर काढलेले आणि २० ते ५० केबी एवढ्या आकारमानाचे असावे लागते. टोपी व काळा चष्मा चालत नाही; धार्मिक रिवाजाचे शिरोवस्त्र चालते, मात्र त्याने चेहरा झाकला जाता कामा नये. स्वाक्षरी १० ते २० केबी असावी लागते. त्याखेरीज डाव्या अंगठ्याचा ठसा व हस्ताक्षरातील प्रतिज्ञापन हेही अपलोड करावे लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा परीक्षेसाठी छायाचित्र अर्जप्रक्रिया सुरू होण्याच्या १० दिवसांहून जुने नसावे, अशी अट घातली आहे. परीक्षेच्या प्रत्येक टप्प्यावर उमेदवाराचे रूप त्या छायाचित्राशी जुळावे, अशीही अपेक्षा असते. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून आधी काढलेल्या छायाचित्राऐवजी अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर बसून थेट छायाचित्र घेण्याची पद्धत आणली.

या काटेकोरपणास कारण आहे. मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरणात, जे २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले, खऱ्या उमेदवाराच्या जागी दुसऱ्यास बसवण्यासाठी प्रवेशपत्रांवरील छायाचित्रांत फेरफार केल्याचे आरोप होते. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने पुणे जिल्ह्यात नेमणूक झालेल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई सुरू केली. तेव्हा आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात नाव, आईवडिलांची नावे, पत्ता यांसोबत छायाचित्र व स्वाक्षरी बदलून परीक्षेच्या जादा संधी घेतल्याचे म्हटले होते. त्या महिन्याच्या अखेरीस आयोगाने संबंधित उमेदवारी रद्द केली. (हे आरोप त्या अधिकाऱ्याने नाकारले.) त्याच वर्षी जूनमध्ये अंमलात आलेल्या सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याच्या केंद्रीय कायद्यामागेही परीक्षाविषयक फसवणुकीची अशीच पार्श्वभूमी होती.

तोतयेगिरी रोखण्यासाठी छायाचित्र हवे, याविषयी दुमत नाही. मात्र येथे त्याचा उपयोग केवळ जुळणीसाठी होतो. लेखी परीक्षेची उत्तरपत्रिका तपासताना ते कोणाच्या नजरेसमोर नसते, आणि गुण चेहऱ्यावर दिले जात नाहीत.

धसई व परिसर

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे आसपासच्या वाड्यापाड्यांचे बाजारपेठेचे गाव आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून त्याची घोषणा झाली आणि दुकानांत कार्ड स्वीकारणारी यंत्रे आली. नोकरीच्या अर्जाचे व्यवहारही याच सुमारास कागदावरून पडद्यावर सरकत गेले. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. येथील तरुणांना कामासाठी मुरबाडची औद्योगिक वसाहत, शहापूर तालुक्यातील आसनगाव-वासिंदचा कारखानदारी पट्टा, भिवंडीकडील गोदामे किंवा कल्याणमार्गे मुंबई, असे पर्याय असतात. पोलीस भरती, अंगणवाडी व शिक्षकपदे यांकडेही अनेकांचा ओढा असतो.

अर्जावरील छायाचित्र या भागात दोन वेगवेगळ्या अडचणी उभ्या करते.

पहिली अडचण तांत्रिक आहे. मोबाइलवर काढलेले छायाचित्र बहुधा काही एमबीचे असते. ते ५० केबीच्या मर्यादेत बसवणे, मागची भिंत फिकी करणे, स्वाक्षरी वेगळी स्कॅन करणे ही कामे सेवा केंद्रातील किंवा झेरॉक्सच्या दुकानातील चालक करून देतो. घाईत आकार बिघडतो, चेहरा ताणला जातो, कधी छायाचित्राच्या जागी स्वाक्षरी व स्वाक्षरीच्या जागी छायाचित्र चढते. अस्पष्ट किंवा चुकीच्या छायाचित्रामुळे अर्ज नाकारला जाऊ शकतो, अशी सूचना जाहिरातीत असते. अशा वेळी भरलेले शुल्क व वर्षभराची तयारी दोन्ही वाया जाते, आणि चूक कोणाच्याही बोटाने झालेली असली तरी ती उमेदवाराच्याच नावे नोंदली जाते. छायाचित्र उजळ करण्याच्या स्टुडिओतील सवयीनेही घोटाळा होतो. ग्राहकाने न सांगता चेहऱ्याचा रंग दोन छटा गोरा करून देणे, ही सेवा समजली जाते. तशा छायाचित्रातील व्यक्ती व परीक्षाकेंद्राच्या दारातील व्यक्ती यांत पर्यवेक्षकाला फरक वाटला, तर समजूत घालण्याचे काम उमेदवाराचे.

दुसरी अडचण सामाजिक आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या जमातींची वस्ती येथे मोठी आहे. शासकीय भरतीत जमात उघडपणे विचारली जाते, कारण तिच्याशी घटनात्मक हक्क जोडलेला असतो आणि तो दाखल्याने सिद्ध करावा लागतो. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखली, त्यातही हेच तत्त्व आहे. खाजगी कंत्राटदाराच्या टेबलावरील बायोडाटात जमात विचारलेली नसली, तरी छायाचित्र, आडनाव व पाड्याचे नाव यांवरून ती ताडली जाते. दाखल्याने मिळणारा हक्क येथे नसतो, अंदाजाने होणारे नुकसान तेवढे होऊ शकते.

स्त्रियांच्या छायाचित्रातून कुंकू व मंगळसूत्र यांमुळे वैवाहिक स्थितीही कळते. तामिळनाडूतील मोबाइल जोडणीच्या एका कारखान्यात विवाहित स्त्रियांना कामावर घेतले जात नसल्याचे वृत्त जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर केंद्रीय श्रम मंत्रालयाने १९७६ च्या समान वेतन कायद्याचा उल्लेख करून राज्य शासनाकडून अहवाल मागवला होता.

छायाचित्र काढून टाकले तर

अर्जावरून छायाचित्र वगळल्याने भेदभाव संपतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्रातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात व अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवले होते. त्यांपैकी काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित व काही मुस्लिम अशी ओळखू येणारी होती. उच्चवर्णीय नावाच्या अर्जास बोलावणे येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावास ती सुमारे ०.६७ व मुस्लिम नावास सुमारे ०.३३ एवढीच आढळली. केवळ नावावरून हे घडले. आडनावावरून जात व गाव ओळखण्याची सवय महाराष्ट्रात जुनी असल्याने ही बाब येथे विशेष लागू पडते.

तरीही छायाचित्राचा स्वतंत्र परिणाम असतो. ब्रॅडली रफल व झीव श्टुडिनर यांनी इस्रायलमध्ये केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात देखण्या पुरुषाचे छायाचित्र असलेल्या अर्जास छायाचित्र नसलेल्या अर्जापेक्षा अधिक बोलावणी आली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र उलट घडले; छायाचित्र न लावलेल्या अर्जांस सर्वाधिक प्रतिसाद मिळाला, देखणेपणाने काही लाभ झाला नाही. तेव्हा ‘चांगला फोटो लावला की काम होते’ हा दुकानदारांचा सल्ला निदान निम्म्या ग्राहकांसाठी तरी खरा नसावा.

विमानातील परिचारिका, अभिनय, जाहिरात अशा व्यवसायांत छायाचित्र, कित्येकदा पूर्णाकृती, मागण्याचा प्रघात आहे. तेथे ते कामाच्या स्वरूपाशी जोडलेले मानतात. हा अपवाद इतर नोकऱ्यांस लागू करता येत नाही.

कायदेशीर स्थिती

भारतीय संविधानाचे अनुच्छेद १६ सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी देते. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून भेदभावास त्यात मनाई आहे. खाजगी नोकरीतील निवडीस लागू पडेल असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा भारतात नाही. १९७६ चा समान वेतन कायदा स्त्रियांविरुद्ध भरतीतील भेदभाव रोखण्यासाठी होता. वेतन संहिता, २०१९ मध्ये त्याची तत्त्वे समाविष्ट केली गेली. दिव्यांग व्यक्तींसाठी २०१६ चा व तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. यांपैकी कोणताही कायदा अर्जावर छायाचित्र मागण्यास थेट प्रतिबंध करत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार ज्याच्यावरून व्यक्ती ओळखता येते असे संगणकीय छायाचित्र वैयक्तिक विदा ठरते. बायोडाटांचे गठ्ठे व्हॉट्सअॅपवरून एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे जातात, त्या पद्धतीचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही.

इतर देशांत

अमेरिकेत याचा इतिहास बोलका आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात, १९१४ मध्ये, तेथील नागरी सेवा आयोगाने अर्जासोबत छायाचित्र सक्तीचे केले. तोतये उमेदवार रोखणे हे दिलेले कारण होते, पण कृष्णवर्णीय उमेदवार ओळखून वगळण्यासाठी त्याचा वापर झाला. १९४० मध्ये ही सक्ती रद्द होऊन ओळखीसाठी बोटांचे ठसे घेण्यात येऊ लागले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर स्थापन झालेल्या समान रोजगार संधी आयोगाचे मार्गदर्शन असे, की मालकाने उमेदवाराकडे छायाचित्र मागू नये. ओळखीसाठी आवश्यकच असेल, तर नोकरी देऊ केल्यावर व ती स्वीकारली गेल्यावर घ्यावे.

दक्षिण कोरियात सार्वजनिक संस्थांनी २०१७ पासून छायाचित्र, जन्मगाव व विद्यापीठाचे नाव नसलेले अर्ज घेण्यास सुरुवात केली. फ्रान्सने २००६ मध्ये ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी निनावी अर्जाचा कायदा केला, पण तो अंमलात न येता २०१५ मध्ये सक्ती काढून टाकण्यात आली. जर्मनीत २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर छायाचित्र मागितले जात नाही, मात्र लावण्याची प्रथा टिकून आहे. जपानमध्ये ‘रिरेकिशो’ या ठरावीक नमुन्याच्या अर्जावर ४ सेंमी × ३ सेंमी छायाचित्राची जागा असते.

या भिन्न रूढींचा अनुभव परदेशी नोकरी शोधणाऱ्या मराठी तरुणांना येतो. अमेरिका व ब्रिटनसाठी बायोडाटा तयार करताना छायाचित्रासोबतच जन्मतारीख, वडिलांचे नाव व वैवाहिक स्थिती हे रकानेही काढावे लागतात. जपानसाठी छायाचित्र पुन्हा लावावे लागते. संगणकाद्वारे अर्जांची प्राथमिक छाननी करणाऱ्या काही प्रणालींना छायाचित्र घातलेल्या मांडणीतील मजकूर नीट वाचता येत नाही, म्हणून भारतातील मोठ्या कंपन्यांकडे पाठवायच्या अर्जातूनही ते वगळण्याचा सल्ला दिला जातो.