जीएनयू डीडीरेस्क्यू

जीएनयू डीडीरेस्क्यू ही बिघडलेल्या हार्ड डिस्क, सीडी, मेमरी कार्ड इत्यादी साठवण साधनांवरील माहिती सुस्थितीतील साधनावर उतरवून घेणारी मुक्त आज्ञावली आहे. अंतोनियो दियास दियास यांनी ती सी++ या भाषेत लिहिली असून ती जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली वितरित केली जाते. डीडी_रेस्क्यू ही कुर्त गारलोफ यांची आज्ञावली हिच्याहून वेगळी आहे. हा गोंधळ टाळण्यासाठी डेबियनमध्ये हिच्या पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू असे आहे.

कार्यपद्धती

युनिक्समधील डीडी ही आज्ञा वाचनात त्रुटी येताच सहसा थांबते. डीडीरेस्क्यू सदोष भाग तूर्त वगळून आधी सुस्थितीतील भाग मोठ्या तुकड्यांत वाचते. त्यानंतर ती सदोष भागांच्या कडा निश्चित करते आणि उरलेला भाग सेक्टरगणिक वाचते. निकामी होत चाललेली डिस्क प्रत्येक प्रयत्नागणिक अधिक बिघडू शकते. म्हणून सहज मिळणारी माहिती प्रथम वाचवणे हे या क्रमाचे सूत्र आहे.

कोणता भाग वाचला गेला व कोणता राहिला याची नोंद मॅपफाइल या मजकूर फाइलमध्ये ठेवली जाते. तिच्या आधारे खंडित झालेले काम पुढे चालू ठेवता येते.

पूर्वतयारी

सदोष डिस्कवर काहीही स्थापित करू नये, कारण नव्या लेखनाने जुनी माहिती पुसली जाऊ शकते. त्यासाठी सिस्टमरेस्क्यूसारखी यूएसबीवरून चालणारी लिनक्स प्रणाली वापरतात. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कने स्वतः नोंदवलेली स्थिती पाहता येते. मात्र प्रत घेण्यापूर्वी दीर्घ स्वयंचाचणी चालवल्यास डिस्कवर अनावश्यक ताण येतो. थेट डिस्कवर प्रत घ्यायची असल्यास लक्ष्य डिस्क किमान मूळ डिस्कएवढ्या क्षमतेची असावी लागते. तिची बॅडब्लॉक्सने लेखन-चाचणी घेता येते, परंतु त्या चाचणीत डिस्कवरील सर्व मजकूर नष्ट होतो. मूळ व लक्ष्य डिस्कची अदलाबदल झाल्यास वाचवायची माहितीच पुसली जाते. म्हणून एलएसबीएलके या आज्ञेने दोन्हींची ओळख पटवून घेणे आवश्यक ठरते.

प्रत घेतल्यानंतर

डीडीरेस्क्यू फाइल प्रणालीची दुरुस्ती करत नाही. हरवलेले पार्टिशन शोधण्यासाठी टेस्टडिस्क, तर फाइलींच्या ठरावीक खुणांवरून त्या शोधण्यासाठी फोटोरेक वापरले जाते. फोटोरेकने मिळालेल्या फाइलींची मूळ नावे बहुधा परत मिळत नाहीत. ही साधने मूळ डिस्कऐवजी प्रतीवर चालवली जातात, त्यामुळे प्रयत्न फसला तरी मूळ माहितीला धक्का लागत नाही.

मर्यादा

डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास बिघाड यांत्रिक असण्याची शक्यता असते. अशा वेळी ती बंद करून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे देणे अधिक सुरक्षित असते. कूटबद्ध डिस्कची प्रतही कूटबद्धच राहते, म्हणून ती उघडण्यासाठी मूळ कळ लागते.