स्तरनोंद व जीवाश्मनोंद

नदीच्या दरडीत, घाटरस्त्याच्या कापात किंवा विहिरीच्या खोदाईत उघडे पडलेले थर तळापासून माथ्यापर्यंत क्रमाने मोजून, त्यांचे द्रव्य, जाडी, रंग व परस्परसीमा यांची, आणि त्यांत आढळणाऱ्या जीवावशेषांची, जागच्या जागी लिहून ठेवलेली कैफियत म्हणजे स्तरनोंद होय. तळचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हे निकोलस स्टेनो याने 1669 साली मांडलेले तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

उदाहरणादाखल, मौजे शहागड (ता. अंबड, जि. जालना) हे पैठणच्या खालच्या अंगास, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले असून, या मुलखात सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या बसाल्टावर चतुर्थक कल्पातील नदीगाळ थेट विसावलेला असल्यामुळे, मधल्या कोट्यवधी वर्षांचे दप्तरच येथे गहाळ आहे, आणि ही गहाळ जागा जिथे हाताने दाखविता येते, ती सीमारेषा नोंदवहीत प्रथम उतरवावी. बसाल्टात सहसा जीवाश्म नसतात. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील विश्रांतिकाळात साचलेला तळ्यांचा गाळ मात्र अपवाद होय. मुंबईतील वरळीचे अश्मीभूत बेडूक अशाच गाळातले.

वरच्या गोदाखोऱ्यातील जुना गाळ साधारणतः तळाशी चुन्याने सांधलेले गोटे व वाळू, त्यावर चुनखडीचे खडे असलेली पिवळसर वा तपकिरी माती, आणि माथ्यावर काळी जमीन, असा लागतो. दरडीचा पृष्ठभाग खुरप्याने ताजा करावा, फीत लावून प्रत्येक थराची जाडी घ्यावी, गोट्यांचा आकार व कल पाहावा, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकून फेस येतो की नाही, एवढे पाहिले म्हणजे चुन्याचा दाखला मिळतो. हाड दिसताच ते उपटण्याचा मोह अनावर होतो. तथापि त्याची तळापासूनची उंची, ते कोणत्या बाजूस कलले आहे, आणि विशेषतः त्याच्या कडा झिजलेल्या आहेत की शाबूत, हे लिहून व छायाचित्र घेऊन झाल्याखेरीज त्यास हात लावू नये; कारण पुराने जुन्या थरातून उकरून नव्या थरात आणून टाकलेले हाड त्या नव्या थराचे वय सांगत नाही, आणि अशा हाडाची झीज हाच बहुधा त्याच्या प्रवासाचा एकमेव साक्षीदार असतो.

पैठणनजीकच्या मुंगी येथे भूवैज्ञानिक वाईन यांना अस्थियुक्त जुन्या गाळात अकीकाचा एक छिलका (माणसाने काढलेली दगडी कपची) मिळाला व भूवैज्ञानिक ओल्डहॅम यांनी 1868 साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्या थरास तेव्हा प्लायोसीन, म्हणजे चतुर्थकापूर्वीचा, समजण्यात आले. पुढे हे गाळ प्लाइस्टोसीन व त्यानंतरचे ठरले. मत फिरले, तरी छिलका कोणत्या गाळात होता ही नोंद राहिली, म्हणूनच तो शोध आजही उपयोगी पडतो. भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी 1905 साली नांदूर मध्यमेश्वर येथील गोदागाळातून वर्णिलेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे मोलही याच जातीचे आहे. स्थळ व थर न लिहिलेले हाड दिवाणखान्यात शोभते, पुराव्यात नाही.

पावसाळ्यातील पूर दरडी कापून नवे छेद उघडतो व जुने ढासळवतो. म्हणून गोदाकाठची स्तरनोंद पाणी ओसरल्यावर, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत घेणे सोयीचे पडते.